पर्समधला कॅमेरा की गळ्यातला?

माजरीच्या वसाहतीत आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी एका दुपारी आल्या, त्या पदराखाली काहीतरी झाकूनच. दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, भिशी लागली. घरात अजून कोणाला सांगितलं नाही. कॅमेरा घ्यायचा आहे. साधा घेऊ, की तो मोठा, गळ्यात अडकवायचा असतो तो घेऊ?"

पदराखाली होता त्यांचा जुना छोटा डिजिटल कॅमेरा. आणि त्याच्यामागे होती एक गोष्ट, ती आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होती. वहिनींचे सासरे खदानीतून निवृत्त झाले, तेव्हा संध्याकाळी हॉलमध्ये सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार, सगळं यथासांग. वहिनींनी याच कॅमेऱ्याने फोटो काढले. साहेब हार घालतात तो क्षण बघून बटण दाबलं. पण कॅमेऱ्याने विचार करून फोटो काढेपर्यंत साहेब खुर्चीवर जाऊन बसले होते! एका फोटोत सासऱ्यांचा चेहरा फ्लॅशने पांढराफटक, दुसऱ्यात सगळंच हललेलं. पुढे वर्षाच्या आतच ते गेले. भिंतीवर लावायला घरात एकही धड फोटो निघाला नाही. शेवटी कामावरच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतला. चाळीस वर्षांचा संसार केलेला माणूस त्या चौकटीतून अगदी परक्यासारखा बघतो.

तेव्हा मैत्रिणींनो, कॅमेरा कोणता घ्यावा हा प्रश्न वरवर हौसेचा दिसला, तरी तो नुसता हौसेचा नाही. मिक्सर घेताना आपण दहा दुकानं फिरतो, साडी घेताना पन्नास उलगडून बघतो. मग कॅमेरा तेवढा जाहिरात बघून किंवा पुतण्या म्हणतो म्हणून का घ्यायचा?

आधी दोघांची ओळख

आपल्या आईवडिलांच्या काळी घरातला कॅमेरा म्हणजे अॅग्फा क्लिक थ्री. एका रोलवर बारा फोटो. नंतर १९८०च्या दशकात हॉट शॉट आला. रोखायचा नि दाबायचा. त्याच जातीचा पुढचा अवतार म्हणजे छोटा डिजिटल कॅमेरा, ज्याला पॉइंट-अँड-शूट म्हणतात. पर्समध्ये मावतो, शिकायला काही नाही, सगळं तोच ठरवतो.

दुसरा डीएसएलआर. नाव अवघड आहे, पण आतली रचना समजायला सोपी. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या एका आरशावर पडतो आणि तिथून वर जाऊन आपल्या डोळ्याला दिसतो. म्हणजे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा टपकन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो जो 'खटॅक्' आवाज येतो ना, तो या आरशाचा आणि पडद्याचा. शिवाय याची लेन्स काढून दुसरी बसवता येते. स्वयंपाकघरात जसं यंत्र एक, पण चटणीचं भांडं वेगळं आणि रसाचं वेगळं, तसंच.

अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला १९७५ साली. साडेतीन किलोच्या वर त्याचं वजन, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! कोडॅकनेच १९९१ साली पहिला डिजिटल एसएलआर बाजारात आणला. सामान्य माणसाच्या आवाक्यात तो यायला मात्र २००३ साल उजाडलं.

वाटी आणि परात

आता खरा फरक कुठे आहे? दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. "ताई, याच्यात इतके, त्याच्यात तितके." त्या आकड्याला भुलू नका. खरी गोष्ट आहे सेन्सरच्या आकाराची.

पावसात अंगणात एक वाटी ठेवा आणि एक परात ठेवा. पाऊस तोच, वेळ तोच, पण परातीत पाणी कितीतरी जास्त साठतं. प्रकाशाचंही तसंच. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. घरगुती डीएसएलआरमधला साधारण २३ बाय १५ मिलिमीटर. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर बारा पटीच्या आसपास फरक पडतो. म्हणून भर उन्हात अंगणात काढलेले दोघांचे फोटो जवळपास सारखेच दिसतात, पण दिवेलागण झाली की छोट्या कॅमेऱ्याच्या फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात.

आणि आपल्या घरातले महत्त्वाचे प्रसंग असतात कधी? बघा ना, महालक्ष्म्यांची आरती संध्याकाळी. त्या मुखवट्यांवर समईचा जो उजेड पडतो, तो फ्लॅश मारला की मेलाच! शाळेचं स्नेहसंमेलन अंधाऱ्या हॉलमध्ये. हळद, मेंदी, बारसं, सगळं घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात. उन्हात होतात ते पोळा आणि तान्हा पोळा, पण तिथे अडचण निराळी. लाकडी बैल ओढणारं पोर काही तुमच्यासाठी थांबत नाही. छोट्या कॅमेऱ्याला चेहरा नीट पकडायला वेळ लागतो. डीएसएलआर तेच काम डोळ्याची पापणी लवते न लवते तोच करतो. सासऱ्यांच्या हाराचा फोटो हुकला तो इथेच.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडच्या बायकांसाठी. चंद्रपूरच्या वैशाखात पारा ४५-४६ अंशांपर्यंत जातो. त्या रखरखीत उन्हात मागच्या पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. नुसता अंदाजाने फोटो काढायचा. डीएसएलआरच्या झरोक्याला डोळा लावला की सगळं लख्ख दिसतं. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत फोटो काढून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते पटेल.

"मोबाईल आहे ना!"

वहिनींच्या 'ह्यां'नी हेच विचारलं. "मोबाईल आहे ना हातात. मग काहून पैसे घालवून राहिली?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. मोबाईलचा कॅमेरा आता फार सुधारला आहे. रात्रीचेसुद्धा फोटो तो एकामागून एक अनेक काढून, जोडून चांगले करतो. त्यामुळेच तर साधे छोटे कॅमेरे दुकानातून जवळजवळ नाहीसे झाले. तुम्हाला फोटो काढून लगेच बहिणीला पाठवायचा असेल, भाजीच्या वाफ्याचा, मुलाच्या वहीचा, नव्या पडद्याचा फोटो हवा असेल, तर मोबाईल पुरे. त्यासाठी वेगळा साधा कॅमेरा घेणं म्हणजे घरात कुकर असताना दुसरा तेवढाच कुकर आणणं.

पण दोन ठिकाणी मोबाईल थकतो. एक, हलणारा माणूस आणि कमी उजेड असा दुहेरी पेच. दुसरं, लांबची वस्तू. आपला जिल्हा वाघांचा. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्र प्रकल्प झाला. जगभरातून माणसं येतात, आणि आपण भद्रावती-चंद्रपूरच्या बायका 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत राहतो! तिथे सफारीत मोबाईल वापरायला मनाई आहे. कॅमेरा चालतो. त्याचं वेगळं शुल्क किती, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावं.

लांबचं टिपायलाच हवं असेल, पण लेन्स बदलण्याची कटकट नको असेल, तर मधला एक प्रकार आहे. दिसायला मोठा, लेन्स एकच पण फार लांबवर पोचणारी. निकॉनचा पी ९०० त्यातला नावाजलेला, ८३ पट जवळ आणणारा. झाडाच्या शेंड्यावरचा पक्षी दिवसाउजेडी छान येतो. मात्र त्याच्या आतला सेन्सर वाटीच बरं का, परात नव्हे! संध्याकाळ झाली की तोही हात टेकतो.

मग मोठा कोणी घेऊ नये?

एवढं कौतुक केलं म्हणून लगेच पैसे काढू नका. डीएसएलआर कोणी घेऊ नये तेही सांगते.

ज्यांना वजन नको त्यांनी घेऊ नये. लेन्ससकट पाऊण किलोच्या आसपास गळ्यात अडकवून, कडेवर मूल आणि हातात डबा असेल तर फोटो होत नाहीत, मानदुखी होते. ज्यांना कधीच 'ऑटो'च्या पुढे जायचं नाही त्यांनीही घेऊ नये. शिलाई मशीन आणून त्यावर कव्हर घालून टीव्ही ठेवण्यासारखं ते होईल. आणि फक्त शेजारणीकडे आहे म्हणून तर मुळीच घेऊ नये.

शिकायचं तरी काय असतं? तीन गोष्टी. लेन्सच्या आतलं भोक किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आणि सेन्सर किती हळवा करायचा. खिडकी किती उघडायची, किती वेळ उघडी ठेवायची, असा हिशेब. पोळीची कणीक, तव्याचा ताप आणि आच हे तीन जिला सांभाळता येतात, तिला हे तीन जमणार नाहीत? पंधरा दिवस रोज दहा फोटो काढा. वाणसामानाच्या वहीसारखी एक वही ठेवा आणि काय केलं, काय झालं ते लिहा. महिन्यात हात बसतो.

पैशाचा हिशेब

इथे एक महत्त्वाची गोष्ट. निकॉन आणि कॅनन या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी आता आपलं लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवलं आहे. त्यामुळे हौशी मंडळी जुने डीएसएलआर विकून ते घेतात. आपल्यासारख्यांच्या दृष्टीने हे बरंच झालं! चांगला वापरलेला डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स नव्याच्या मानाने बऱ्याच कमी पैशांत मिळतात. फोटो काही जुना निघत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यावर काढलेला फोटो घरच्या भिंतीवर आजही तितकाच देखणा दिसतो.

मात्र नुसत्या कॅमेऱ्याची किंमत धरू नका. मेमरी कार्ड, जास्तीची बॅटरी, पिशवी, धूळ उडवायचा रबरी फुगा, हवाबंद डबा, हे सगळं धरूनच आकडा काढा. आणि जमलं तर पैसे कॅमेऱ्यावर कमी, लेन्सवर जास्त घाला.

कोणती लेन्स? कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ ची लेन्स येते. घरातली चार माणसं, अंगण, देऊळ यांना ती ठीक. पण माझं ऐकाल, तर त्याबरोबर एक ५० मिलिमीटरची, १.८ अशी खूण असलेली लेन्स घ्या. सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी ती एक, आणि घरगुती बायकांची खरी सखी. १८-५५ ची लेन्स पुढे ओढून जेवढा उजेड घेते, त्याच्या नऊ-दहा पट उजेड ही घेते. म्हणजे समईच्या प्रकाशातसुद्धा फ्लॅश नको. आणि चेहरा स्पष्ट, मागची दोरीवरची धुणी मात्र धुरकट! छोट्या घरांत मागचा पसारा लपवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

जुना घेताना एवढं पाहा:

• लेन्स उजेडाकडे धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. घेऊ नका.

• आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किंमत उतरवायला सांगा.

• आतापर्यंत किती फोटो काढले हे विचारा. कॅमेऱ्याच्या पडद्याचंही आयुष्य असतं. अनेक घरगुती डीएसएलआरमध्ये ते एक लाख फोटोंच्या घरात धरतात.

• निकॉनचा साधा कॅमेरा घेत असाल, तर लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलंय ना बघा. नुसतं 'एएफ' असेल तर साध्या कॅमेऱ्यावर ती आपोआप स्पष्ट होत नाही, हाताने फिरवावी लागते.

• बिल घ्या. ओळखीचा असला तरी घ्या. वहिनींच्या एका नात्यातल्यांनी बिलाशिवाय 'नवा' म्हणून घेतलेला कॅमेरा वापरलेला निघाला, आणि दुकानदाराने हात वर केले.

कोळशाची धूळ, कूलर आणि पाऊस

पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत न मिळणारी गोष्ट आता सांगते. आपल्या माजरीत सकाळी पुसलेली खिडकी दुपारी पुन्हा काळी होते. खदानीची धूळ, कोळशाच्या ट्रकांची धूळ. पॉइंट-अँड-शूटची लेन्स काढायची नसल्यामुळे त्याच्या आत धूळ सहसा शिरत नाही, हा त्याचा मोठा गुण मान्य करायलाच हवा. डीएसएलआरची लेन्स काढली की आतलं घर उघडं पडतं. म्हणून लेन्स बदलायची ती घरात, दारं-खिडक्या आणि पंखा बंद करून, कॅमेरा बंद ठेवून आणि त्याचं तोंड जमिनीकडे करून.

लेन्सवर धूळ बसली तर पदराने पुसू नका! कोळशाचा कण काचेवर घासला की ओरखडा आलाच. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ कापड. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण उडतात. आतल्या आरशाला तर बोटही लावायचं नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर. कूलरची हवा ओली. त्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवला की बुरशीला आमंत्रण. पावसाळ्यात तर विचारूच नका. कातडी पिशवीही ओल धरते, तेव्हा त्या चार महिन्यांत त्यात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जेलचा रंग बदलला की ते ओलं झालं समजा आणि मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. पण स्वयंपाकाच्या कढईत अजिबात नको. त्यातला रंग विषारी असू शकतो. त्यासाठी एक जुनं भांडं वेगळंच काढून ठेवा. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवायचा उपाय कोणी सांगेल, तो करू नका. पिठूळ धूळ आत जाते. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढा, वापरा. वापरातला कॅमेरा सहसा बिघडत नाही.

कॅमेरा कोणाच्या हातात?

शेवटचा प्रश्न किमतीचा नाही. घरात महागाची वस्तू आली की "तू हात लावू नको, बिघडेल" हे वाक्यही तिच्याबरोबर येतं. अल्बम उघडून बघा, सगळे आहेत, वाढणारी बाई मात्र एका कोपऱ्यात अर्धी कापलेली.

पण इतिहास काय सांगतो? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आणला, तेव्हा सरस्वतीबाईंनी दागिने तर काढून दिलेच; फिल्मला भोकं पाडणं, ती अंधारात धुणं ही कामंही शिकून घेतली, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला! होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार झाल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. पुढे पंडित नेहरूंपासून सगळा देश त्यांनी टिपला, आणि २०११ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिलं. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन त्या हिंडत. तेव्हा आपल्याला काही जमणार नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून माझा सल्ला असा. मोबाईल चांगला असेल तर साधा छोटा कॅमेरा घेण्यात पैसे घालू नका. आणि स्वतः शिकण्याची, स्वतः काढण्याची तयारी असेल तर वापरलेला डीएसएलआर आणि ५० ची लेन्स घ्या. पट्ट्याच्या आत आपलं नाव लिहा, म्हणजे तो कोणाचा हा वादच नको!

वहिनींनी तेच केलं. पहिले पंधरा दिवस भिंती, भांडी, तुळस, मांजर यांचेच फोटो. मग एका सकाळी सासूबाई खिडकीशी बसून वाती वळत होत्या. वहिनींनी कॅमेरा उचलला.

"म्हातारीचा फोटो कायले काढून राहिली वो? काही कामधंदा नाही का?" त्या वळत्या हाताने बोलल्या आणि हसल्या. 'खटॅक्'.

वहिनींनी पडद्यावर फोटो दाखवला. सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून खूप वेळ बघितला. काही बोलल्या नाहीत. वाती उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या, तर ठेवणीतलं लुगडं नेसून, केस विंचरून सासूबाई आपणहून खिडकीपाशी येऊन बसल्या होत्या. हातात सासऱ्यांची ती ओळखपत्रावरून केलेली तसबीर होती.

"दोघांचा काढ," त्या म्हणाल्या.